सारा आंटीचं घर, मट्टांचेरी (कोकणात असं एखादं घर कुणाला माहीत आहे का?)

टाचणी

मे महिन्यात आईला घेऊन कोचीला जाऊन आले. आईचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे मुन्नार-बिन्नार बाद. नुसतं फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, तेही रिक्षाने.

मट्टांचेरीचा ज्यू टाऊन म्हणजे खरं तर एक गल्ली. टोकाला परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनालय), १५६८ सालचं. दोन्ही बाजूंना घराला घर चिकटून, खाली गाळे, वर राहायच्या खोल्या, लाकडी झडपांच्या खिडक्या. काही खिडक्यांच्या गजांत सहा टोकांचा तारा. गाळ्यांत आता काश्मिरी शाली, पितळी कंदील, वेलदोड्याची पुडकी. पाटीवर 'ज्यू' आणि आत ज्यू माणूस नाही, अशी ती गल्ली आहे.

त्यात एक घर सारा कोहेन यांचं. सगळी गल्ली त्यांना सारा आंटी म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं भरतकामाचं दुकान होतं. स्वतः खिडकीशी बसून त्या किप्पा (पुरुष डोक्यावर घालतात ती छोटी टोपी) शिवायच्या. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाआधी पाव झाकून ठेवतात, त्या पावावरचे रुमाल भरायच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या. मूल नव्हतं. नवरा याकोब कोहेन, पेशाने वकील, १९९९ मध्येच गेलेला. म्हणजे तसं बघितलं तर त्या दिवशी घराला कुलूप लागायला हवं होतं.

नाही लागलं, कारण ताहा इब्राहिम. हा शाळा सुटलेला मुसलमान पोरगा या गल्लीत प्रवाशांना पोस्टकार्डं विकायचा. माल ठेवायला जागा नव्हती, ती याकोबनी दिली, आपल्याच घरात. तिथून जे नातं लागलं ते लागलंच. जायच्या आधी याकोबनी त्याला साराकडे बघायला सांगितलं आणि पुढची वीस वर्षं त्याने बघितलं. दुकान सांभाळलं, टाके शिकला, शब्बाथचे (ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे लागतायत की नाही इथपर्यंत लक्ष ठेवलं. आता ते घर तो आणि त्याच्या घरचे चालवतात. अर्धं दुकान, अर्धं संग्रहालय. भिंतीवर सारा आंटीचे फोटो, तिच्या वस्तू, तिची खिडकी.

आई आयुष्यभर शिवणाचे क्लास घेत आली. तिला सिनेगॉगमधल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्यांचं फार काही वाटलं नाही. (मला वाटलं. हाताने रंगवलेल्या आहेत, अठराव्या शतकातल्या, एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. मी खाली बघत बघतच फिरले.) पण या घरात आई वीस मिनिटं एका मखमली रुमालापाशी उभी. तो तिने पहिल्यांदा उलटा केला. भरतकाम मागून बघायचं असतं, पुढून कुणीही फसवतं, हे तिचं ठरलेलं वाक्य. मागे एकही लोंबता दोरा नव्हता. साखळी टाका, त्याच्या कडेने उलटी टीप, मध्ये भरीव टाका. आई म्हणाली, "बाईला घाई नव्हती." तो रुमाल घेतला. आता आमच्याकडे तो भाकरीच्या टोपलीवर असतो.

परत आल्यापासून डोक्यात एकच आहे. आपल्याकडे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, होते. होते काय, आहेत. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, सगळीकडे. त्यांच्या प्रार्थनालयांबद्दल वाचायला मिळतं. पण घरं? एखादं जपलेलं राहतं घर कुणी बघितलंय का?

भोचक_भाऊ

लेख छान. पण एक विचारू? शेवटी दुकानच ना ते? म्हातारीच्या नावावर रुमाल विकतायत. प्रवाशांना गोष्ट हवी असते, गोष्ट मिळते, पाकीट उघडतं. संग्रहालय म्हणायला निदान एखादी नोंदवही, वस्तूंच्या याद्या वगैरे लागतं.

टाचणी

भाऊ, दुकान ती स्वतःच चालवत होती. हयातीत. तेव्हा ते दुकान बंद करून काचेची कपाटं लावली असती तर ते जास्त खोटं झालं असतं, असं मला वाटतं. यादीचं तुमचं म्हणणं मान्य आहे.

शिलालेख

टाचणीताई, धागा आवडला, पण ज्यू टाऊन म्हणजे केरळचे ज्यू असा लोकांचा समज होतो, म्हणून दोन-चार गोष्टी जोडतो.

सारा कोहेन ज्या समाजातल्या, ते 'परदेशी' ज्यू. स्पेन-पोर्तुगालकडून हाकलले गेलेले, पुढे बगदाद-अलेप्पोकडून आलेले, असे मिसळून झालेले. संख्येने कायमच मूठभर. त्यांच्या कितीतरी आधीपासून केरळात असलेले आणि संख्येने खूप जास्त असलेले ते मलबारी ज्यू. चेंदमंगलमच्या सिनेगॉगपाशी एक दगड आहे, सारा बत इस्रायल नावाच्या बाईच्या थडग्याचा. साल १२६९. भारतातला हा सर्वांत जुना हिब्रू लेख मानतात. म्हणजे सारा नावाची बाई केरळात मट्टांचेरीच्या सिनेगॉगच्या तीनशे वर्षं आधी मरून गेलेली होती!

चेंदमंगलम आणि परावूर (सन १६१५-१६), दोन्ही सिनेगॉग सरकारने दुरुस्त करून संग्रहालयं केली आहेत. परावूरला नक्की जा, गर्दी नसते. मट्टांचेरीतच मलबारी लोकांचं कडवुंभागम सिनेगॉग होतं. त्याच्या आतलं कोरीव लाकूडकाम उतरवून जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये नेऊन परत उभं केलं. इथे रिकामा सांगाडा राहिला, गोदाम म्हणून वापरात. २०१९ च्या पावसात त्याचा पुढचा भाग कोसळला. छत तिकडे जपलेलं आहे आणि भिंती इकडे पडल्या. याला जतन म्हणायचं की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

आणि दुसरं, जरा कडू. परदेशी ज्यूंनी आपल्याच काही धर्मबांधवांना, गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या वंशजांना, सिनेगॉगमध्ये बाकावर बसू दिलं नाही. जमिनीवर बसायचं, तेही बाहेरच्या खोलीत. ए. बी. सालेम हे त्यांच्यातले वकील. 'ज्यू गांधी' म्हणायचे त्यांना. त्यांनी सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला. हळूहळू बाकं मिळाली. पण १९५० मध्ये त्यांच्या मुलाचं परदेशी घराण्यातल्या मुलीशी लग्न ठरलं, तेव्हा ते लावायला मुंबई गाठावी लागली.

हे सगळं त्या गल्लीतल्या घरांना आतून माहीत आहे. फोटोंच्या चौकटीत ते येत नाही.

भोचक_भाऊ

वा! म्हणजे जात तिथेही पोचली होती. आपल्या मातीचा गुण.

पुणेरी_छत्री

+१ शिलालेख.

घरांचंच म्हणाल तर फोर्ट कोचीत कोडर हाऊस आहे, लाल रंगाचं. कोडर म्हणजे परदेशी ज्यूंमधलं बडं घराणं, कोचीत वीज आणणारी कंपनी त्यांचीच. त्या घराचं आता हॉटेल झालंय. त्याच घराण्यातल्या क्वीनी हालेगुआ २०२४ मध्ये गेल्या. मट्टांचेरीतल्या परदेशी ज्यूंपैकी शेवटच्या बाई त्या. हॉटेल झालं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, छप्पर गळत नाही हे काय कमी आहे. आणि तसं बघितलं तर मुंबईत भायखळ्याचं मसिना हॉस्पिटल म्हणजे डेव्हिड ससूनचा बंगलाच की. लोक तिथे रक्त तपासायला जातात.

अवांतर : भाकरीच्या टोपलीवरचा रुमाल हे फार आवडलं.

लोदची_लेक

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहीत आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बेने इस्रायल. जन्म ठाण्याचा, लग्नानंतर इकडे इस्रायलमध्ये लोदला आले. घरात अजून मराठीच बोलतो, नातवंडं मात्र हिब्रूत उत्तर देतात.

कोकणातल्या घराचं विचारलंत म्हणून. आमचं आजोळ अलिबागचं, इस्रायल आळीतलं. आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे, १८४८ सालचं, आताची इमारत १९१० ची. आजी त्याला मशीदच म्हणायची. आमच्यातली जुनी माणसं सगळी मशीदच म्हणायची. मुंबईचं मशीद स्टेशन म्हणता ना तुम्ही, ते नावसुद्धा आमच्या शाआर हारहमीमवरून पडलं म्हणतात. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग ते, १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं.

घर साधं होतं. ओटी, माजघर, मागे पडवी, विहीर. बाहेरून बघाल तर शेजारच्या घरात आणि आमच्यात काही फरक नव्हता. फरक सगळा दाराला. दारातून आत जाताना उजव्या हाताला चौकटीवर मेझुझा. म्हणजे एक बोटभर लांबीची डबी, आत चामड्याच्या कागदावर शेमाचे, म्हणजे आमच्या मुख्य प्रार्थनेचे, शब्द लिहिलेले. येता-जाता तिला बोट लावायचं आणि ते बोट ओठाला लावायचं. आजी पाण्याचा हंडा घेऊन यायची, दोन्ही हात अडकलेले, तर नुसती मान वर करून तिच्याकडे बघायची.

आणि आमच्या सणांची जुनी नावं ऐका. योम किप्पूरला (प्रायश्चित्ताचा दिवस) आमच्यात दारफाळणीचा सण म्हणायचे. त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालून दिवसभर उपास, कुणाशी बोलणं नाही, बाहेरच्यांशी शिवाशिव नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, मग दारं उघडायची आणि लोकांकडे जायचं. नवीन वर्षाचा तो नव्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुखवट्याचा उपास, तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. पुस्तकातली हिब्रू नावं आम्हाला मागाहून कळली, त्यातही कोचीहून आलेल्या गुरुजींचा हात होता. तेव्हा टाचणीताई, तुमचं कोची आणि आमचं अलिबाग तसं अगदीच लांब नाही.

आता ते घर नाही. विकलं, पाडलं, तिथे तीन मजली इमारत आहे. त्याबद्दल तक्रार नाही. आम्हीच सोडून आलो. मामाने निघताना मेझुझा काढून घेतला. पुढे राहायला येणारा ज्यू नसेल तर काढून घ्यायचा असतो, उगाच टाकून जायचा नाही. तो आता माझ्या इथल्या दाराला आहे. त्यामुळे घर म्हणाल तर तेवढं जपलंय, बोटभर.

टाचणी

ताई, चुकायचं काय त्यात. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांना विचार, चिक-चा-हलवा घरी करतात का अजून?

लोदची_लेक

करतो ना! नव्याच्या सणाला. नारळाचं दूध, चिक आणि साखर, तासन् तास ढवळायचं. मटणाच्या जेवणावर गाईचं दूध चालत नाही, म्हणून नारळाचं. इकडे चिक नाही मिळत तर चायना ग्रासवर भागवतो. पण घाटायला चार हात लागतात आणि इथे सगळ्या पोरी कामाला जातात.

संपादक मंडळ

धाग्याशी संबंध नसलेले, पश्चिम आशियातल्या सध्याच्या राजकारणावरचे पाच प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत. ज्यांना इथे फक्त भांडायचं आहे त्यांनी तिकडे भांडावं.

भोचक_भाऊ

त्यातला एक माझा होता. बरोबर उडवलात.

आता मुद्द्याचं. लेकताईंच्या घराचं वाचून विचार करतोय. मट्टांचेरीत निदान गल्ली एका जागी होती, सिनेगॉगच्या सावलीत. कोकणातले बेने इस्रायल तर गावोगाव विखुरलेले. आडनावंच बघा, केहिमकर, दिवेकर, चेउलकर, रोहेकर, पेणकर. गावाला एखाद-दुसरं घर. तेलाचा घाणा, शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली. मग एखादं घर जपायचं म्हटलं तर कुठलं जपणार? आणि कोण जपणार? कोचीला ताहा भेटला. असा माणूस योजना आखून मिळत नाही.

शिलालेख

हा प्रश्न बरोबर आहे भाऊ, पहिल्यांदाच. (गंमत.)

कोकणात जपली गेली ती सार्वजनिक ठिकाणं. नवगावचं दफनस्थान, जिथे फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी किनाऱ्याला लागली अशी परंपरा आहे. सागावजवळचा तो खडक, जिथे एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) रथाच्या खुणा दाखवतात आणि लोक मलिदा (नवसाचा गोड पोह्यांचा प्रसाद) करायला जातात. रेवदंड्याचं बेथ एल. ही ठिकाणं राहिली, कारण इस्रायलला गेलेले लोकही परत येऊन तिथे नवस फेडतात. राहत्या घराला नवस नसतो.

तरी एक गोष्ट. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला आणि तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं कागद कुणाच्या तरी घरातच पडून होते ना! म्हणजे कुठल्यातरी घराने ते वाळवी आणि पावसापासून सांभाळले. लेकताईंनी वर लिहिलेली सणांची नावं त्या पुस्तकात आहेत. घराने कागद जपला, कागदाने घरातले सण.

पुणेरी_छत्री

शिलालेख, हे झकास.

खाडीकाठ

दोन दिवस वाचतोय, आता लिहितोच.

मी रेवदंड्याकडचा, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमचं घर आजोबांनी साठच्या दशकात एका इस्रायल कुटुंबाकडून विकत घेतलं. गावात त्यांना इस्रायलच म्हणायचे. ते मुंबईला गेले आणि तिथून पुढे तिकडेच, म्हणजे लेकताईंकडे इस्रायलला. आजोबांना त्यांनी जाताना काय काय दिलं याच्या गोष्टी घरात आहेत. एक भला मोठा तांब्याचा हंडा अजून वापरात आहे. मागच्या पडवीत दगडी घाण्याचा तुकडा आहे, त्यावर आम्ही लहानपणी बसून आंबे खायचो. शनवार तेली हा शब्द मला आज इथे कळला. घाण्यावर पन्नास वर्षं बसतोय आणि आज कळतंय तो कुणाचा.

काल संध्याकाळी लेकताईंचा प्रतिसाद वाचला आणि बॅटरी घेऊन दाराशी गेलो. सागवानी चौकट आहे, तिच्यावर ऑइल पेंटचे किती थर आहेत देवाला माहीत. माझ्या आठवणीतला हिरवा, त्याच्या आधीचा तपकिरी, त्याच्या आधी बहुतेक निळा. उजव्या बाजूला, आत जाताना, बोट फिरवत गेलो. खांद्याच्या जरा वर बोट अडकलं. नखाने रंग खरवडला. दोन भोकं आहेत, खिळ्यांची, एकाखाली एक. मधली जागा चार बोटं. आणि त्या चार बोटांत लाकूड जरासं खोल आहे. घासून गुळगुळीत झाल्यासारखं.

लेकताई, हे तेच का?

लोदची_लेक

आत जाताना उजवा हात म्हणालात ना? ओटीवरून माजघरात जाताना की बाहेरून ओटीवर येताना?

खाडीकाठ

दोन्हीकडे बघितलं. मुख्य दाराला आहे, नक्की. माजघराच्या दारालाही एकच भोक सापडलं, दुसरं बहुतेक रंगाने बुजलंय. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आम्ही मागे बदलली, त्यामुळे तिथलं काही सांगता येत नाही.

लोदची_लेक

मग तेच. आतल्या खोल्यांनाही लावतात. आणि आमच्यात उभाच लावतात, काही लोक तिरका लावतात तसा नाही. खोलगट झालंय ते बोटांनी झालं असेल किंवा डबी बसवायला सुताराने मुद्दाम कोरलं असेल. मला सुताराचं वाटतं, पण मनात दुसरं आहे.

ते कुटुंब कुठे गेलं, आडनाव काय, ते इथे सगळ्यांपुढे लिहू नका. मला निरोपातून कळवा. इकडे आमच्या लोकांत विचारून बघते. बहुतेक कुणीतरी कुणाचीतरी आत्या निघेलच.

भोचक_भाऊ

खाडीकाठ, आता तुम्ही रुमाल विकायला बसू नका म्हणजे झालं. :)

(खरं सांगतो, अंगावर काटा आला.)

शिलालेख

एक विनंती. रंग आणखी खरवडू नका. आहे तसा फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. हंडा आणि घाण्याचा दगड यांचेही. हंड्याच्या काठावर नाव कोरलेलं असतं बऱ्याचदा, आपल्याकडे सगळेच कोरून घ्यायचे. तेही बघा. तारीख घालून ठेवा. भाऊंना हवी होती ती यादी इथून सुरू होते.

टाचणी

आई विचारते आहे की फोटो कधी टाकताय. मी तिला म्हटलं, गणपती जवळ आलेत, त्यांच्या घरी रंगकाम असेल.

खाडीकाठ

रंगकामच चाललंय हो, म्हणून तर दाराशी गेलो होतो. फोटो काढून झालेत, रविवारी टाकतो. हंड्यावर अक्षरं आहेत, मराठीच आहेत, झिजलीत, चिंच लावून घासली की वाचता येतील.

आज सकाळी रंगारी आला. चौकट घासून घेतली त्याने आणि त्या दोन भोकांवर बोट ठेवून विचारलं, "दादा, इथे लांबी भरून घेऊ ना?"

म्हटलं, राहू दे.

तो म्हणाला, रंग नीट बसणार नाही तिथे.

म्हटलं, नको बसू दे.